गांजाचे सात खंड

मार्च १८९३. लंडनच्या हाऊस ऑफ कॉमन्समध्ये विल्यम केन या खासदाराने बंगालच्या गांजाबद्दल प्रश्न उपस्थित केला. केन दारूबंदीचा कट्टर पुरस्कर्ता होता. हिंदुस्थानबद्दल त्याला कळवळा होता, काँग्रेसच्या पुढाऱ्यांत त्याची ऊठबस होती आणि अबकारीच्या पैशावर राज्य चालवणाऱ्या सरकारची त्याला मनापासून चीड होती. जगात गांजाइतकी भयंकर नशा दुसरी नाही, असं त्याचं मत. सरकार गांजा पिकवू देतं, त्यावर कर घेतं आणि गांजा ओढून वेड लागलेल्या माणसांना पुन्हा सरकारच्याच वेड्यांच्या इस्पितळात ठेवतं, हे कुठल्या धर्मात बसतं, असा त्याच्या बाजूच्या मंडळींचा सवाल होता. प्रश्न बंगालपुरता होता. पण चौकशी करायचीच तर ती साऱ्या हिंदुस्थानची व्हावी, असं भारतमंत्री लॉर्ड किंबर्ली यांनी सुचवलं. जुलैत आयोग नेमला गेला आणि ऑगस्टमध्ये कलकत्त्याला त्याची पहिली बैठक बसली.

नशेचे पदार्थ कायदेशीर करून त्यांवर कर लावावा की नाही, हा वाद आज निघाला की आपण कोलोराडोकडे, कॅनडाकडे, नेदरलँड्सकडे बोट दाखवतो. हरकत नाही, दाखवावं. पण हा प्रश्न आपल्याच देशात, आपल्याच गावांत, कचेऱ्यांत आणि इस्पितळांत फिरून कोणीतरी सव्वाशे वर्षांपूर्वी विचारला होता, त्याचं उत्तर सात खंडांत छापलं होतं आणि त्या उत्तराबरहुकूम कारभारही बराच काळ चालला होता, हे आपल्या गावी नसतं. त्या उत्तरात बरंच शहाणपण आहे आणि एक मोठी खोटही आहे. दोन्ही पाहण्यासारखं आहे.

आयोगात सात जण होते. अध्यक्ष मॅकवर्थ यंग, जो पुढे पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर झाला. मुंबई इलाख्यातून पंचमहालचा कलेक्टर ओमॅनी. मध्य प्रांतातून अँड्र्यू फ्रेझर. हाच गृहस्थ पुढे बंगालचा लेफ्टनंट गव्हर्नर झाला आणि वंगभंगाच्या काळात बंगाल्यांच्या शिव्यांचा धनी ठरला. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारा सर्जन-मेजर वॉर्डन. हिंदी सभासद तीन: ताहिरपूरचे राजा शशिशेखरेश्वर रॉय, मुझफ्फरनगरचे लाला निहालचंद आणि कपूरथळ्याच्या राजघराण्यातले कुंवर हरनामसिंग. या हरनामसिंगांची मुलगी म्हणजे राजकुमारी अमृत कौर, स्वतंत्र भारताची पहिली आरोग्यमंत्री. सचिव होता मॅकिंटॉश.

या मंडळींनी आधी सत्तर प्रश्नांची एक प्रश्नावली काढली. गांजा कुठे उगवतो, कुठे पेरला जातो, कोण ओढतो, कोणत्या जातीत चालतो, बाया ओढतात का, मुलं ओढतात का, ओढणारा कामाला निकामी होतो का, त्याने खून होतात का, बंदी घातली तर लोक काय करतील, दंगा करतील का, की दारूकडे वळतील? मग हिवाळ्यापासून पुढचे काही महिने आयोग गावोगाव फिरला. बंगाल, आसाम, मद्रास, मुंबई, सिंध, पंजाब, मध्य प्रांत. एकूण १,१९३ साक्षी नोंदल्या गेल्या. अहवाल १८९४ मध्ये सादर झाला, त्याची पानं तीन हजारांच्या वर भरली.

त्याच काळात दुसरा एक आयोग देशात फिरत होता. तो अफूचा, लॉर्ड ब्रॅसी यांच्या अध्यक्षतेखालचा. अफूवर सरकारचं पोट होतं. बंगालची अफू सरकार स्वतः विकायचं आणि माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जाताना पेटीमागे पास-फी घ्यायचं. मुंबईतल्या कित्येक शेठियांच्या हवेल्या आणि धर्मादाय संस्था त्या पैशावर उभ्या राहिल्या. ब्रॅसी आयोगाने अफूचा धंदा चालू ठेवायला हरकत नाही असं म्हटलं तेव्हा लोकांनी ते रंगसफेदी समजून सोडून दिलं, आणि त्यात त्यांचं फारसं चुकलंही नाही. गांजाचं उत्पन्न अफूपुढे किरकोळ होतं. म्हणूनच गांजा आयोगाला खरं बोलणं थोडं परवडत होतं.

आयोगाने पाहिलेली सगळ्यांत नमुनेदार जागा म्हणजे बंगालातल्या राजशाही जिल्ह्यातलं नौगाव. ठरावीक टापूत, परवाना घेतलेल्या शेतकऱ्यांनीच गांजा लावायचा, असा तिथे दंडक होता. गांजा म्हणजे मादी झाडाचे फुलोऱ्याचे तुरे. नर झाड शेतात राहिलं तर तुऱ्यांत बी धरतं आणि माल वाया जातो. म्हणून नर झाडं ओळखून उपटणारा एक खास जाणकार असे, त्याला पोद्दार म्हणत. फुलोरा येण्याआधीच, नुसत्या पानाफांदीच्या ठेवणीवरून नर कोणता आणि मादी कोणती हे तो सांगायचा. शेतकरी त्याला मजुरी देऊन शेतात फिरवून आणत. थंडीत कापणी झाली की झाडं उन्हात पसरायची, मग माणसं ओळीने उभी राहून पायांनी ती तुडवायची. राळेमुळे तुरे एकमेकांना चिकटून चपटे होत, तो चपटा गांजा. हाताने वळला तर गोल गांजा. गळून पडलेला भुगा म्हणजे चूर. सगळा माल सरकारी गोल्यात, म्हणजे गुदामात, वजन करून ठेवायचा. दुकानदाराने कर भरला की मगच त्याचा गठ्ठा बाहेर पडायचा. दुकानाचा ठेका लिलावाने जायचा. शेतापासून चिलमीपर्यंतच्या वाटेवर जागोजाग सरकारचा माणूस तराजू घेऊन उभा होता.

आपल्याकडे मुंबई इलाख्यात हे सगळं ढिलं होतं. अहमदनगर, सातारा या जिल्ह्यांत गांजा पिकायचा, १८७८ च्या अबकारी कायद्याखाली दुकानांचे ठेके दिले जायचे, पण बंगालातल्यासारखी लागवडीवर घट्ट पकड नव्हती आणि करही बंगालच्या मानाने हलका होता. आयोगाने मुंबई सरकारच्या या सैलपणावर बोट ठेवलं आणि लागवड एका ठिकाणी गोळा करा, कर वाढवा, असं सुचवलं.

मुंबईची खरी कामगिरी मात्र वेगळीच आहे. ज्याच्या गॅझेटियरवाचून महाराष्ट्राच्या कोणत्याही जिल्ह्याचा इतिहास लिहायला कोणी बसू शकत नाही, तो जेम्स कँपबेल त्या वेळी मुंबईत जमीनमहसूल, कस्टम आणि अफूचा कलेक्टर होता. त्याने आयोगाला एक टिपण लिहून पाठवलं. विषय: हिंदूंच्या धर्मात भांगेचं स्थान. महसुली अधिकाऱ्याच्या टिपणात सापडू नये असा जिव्हाळा त्यात आहे. भांगेच्या पानात रक्षण करणारी देवता वसते अशी लोकांची समजूत, त्या पानावर हात ठेवून घेतलेली शपथ, शंकराला वाहिलेली भांग, बैरागी-गोसाव्यांची चिलीम, हे सगळं सांगून त्याने लिहिलं की या झाडावर बंदी घातली तर असंख्य गरीब लोकांचा आधार तुटेल आणि त्यांच्या लेखी सरकार पापाचं धनी होईल. भाषेचा अभ्यासक जॉर्ज ग्रिअर्सन यानेही संस्कृत आणि हिंदी वाङ्मयात भांगेचे उल्लेख कुठे कुठे येतात याचं टिपण जोडलं. दोघेही कर वसूल करणाऱ्या सरकारचेच नोकर होते, हे खरंच. पण कराच्या आकड्यांपलीकडे पाहणारी माणसं त्या कचेऱ्यांत बसली होती, हेही तितकंच खरं.

केनच्या मुख्य आरोपाची, म्हणजे गांजाने वेड लागतं या आरोपाची, आयोगाने केलेली तपासणी हा माझ्या मते त्या सात खंडांतला सगळ्यांत मोलाचा भाग आहे. इस्पितळांच्या नोंदवह्यांत वेडाचं कारण लिहायला एक रकाना असायचा. रस्त्यावर भरकटणारा, अंगावर चिंध्या असलेला माणूस शिपाई पकडून आणायचा. घरचं कोणी बरोबर नसायचं, नाव-गाव धड सांगता यायचं नाही. रकाना मोकळा ठेवला तर वरून विचारणा होणार. मग शिपाई विचारायचा, गांजा ओढतो का? बैरागी असला, भिकारी असला, तर उत्तर बहुधा हो. रकान्यात लिहिलं जायचं: गांजा. पुढे डॉक्टर तीच नोंद वार्षिक तक्त्यात उतरवायचा, तक्त्यावरून सरकारी अहवाल व्हायचा आणि अहवालावरून केनसारखा खासदार भाषण करायचा. आयोगाने १८९२ साली ‘गांजामुळे वेड’ म्हणून नोंद झालेल्या २२२ माणसांची एकेक करून फेरतपासणी केली. नातेवाईक शोधले, गावच्या पाटलाला विचारलं, आधीचे आजार पाहिले. निम्म्याहून अधिक नोंदी टिकल्या नाहीत. कोणाला मिरगी होती, कोणाच्या घराण्यातच वेड होतं, कोणी गांजा कधी ओढलाच नव्हता. आपल्या आजच्या पोलिसी आकडेवारीचं असं कोणी कधी पोस्टमॉर्टम केलं आहे का, मला शंका आहे.

गांजाच्या धुराने मेंदूत काही बिघाड होतो का, हे पाहण्यासाठी कनिंगहॅम या डॉक्टराने एका माकडाला कित्येक महिने गांजाचा धूर दिला. शेवटी मेंदू तपासला, त्यात काही आढळलं नाही. 

निष्कर्ष स्पष्ट होता. बेताने घेणाऱ्याचं म्हणण्यासारखं नुकसान होत नाही. अतिरेक करणाऱ्याचं होतं, पण असे लोक थोडे. गुन्हेगारीशी गांजाचा संबंध जोडायला पुरावा नाही. सर्रास बंदी घालू नये, कारण लोक चोरून घेतील, अधिकाऱ्यांना त्रासासाठी एक नवं हत्यार मिळेल आणि काही जण धोत्र्यासारख्या याहून वाईट गोष्टींकडे वळतील. मग करायचं काय? कर लावायचा, आणि असा लावायचा की किंमत वाढून खप आवरला जाईल पण इतकी वाढणार नाही की चोरटा माल स्वस्त पडेल. लागवड परवान्याने आणि ठरावीक जागीच. दुकानं मोजकी. एका माणसाने जवळ किती बाळगावा यावर मर्यादा. आजच्या कुठल्याही कायदेशीरीकरणाच्या मसुद्यात याहून वेगळं फार काही नसतं.

आता खोट. १,१९३ साक्षीदारांत अधिकारी, डॉक्टर, जमीनदार, वकील, मिशनरी यांचाच भरणा होता. ज्याच्या ओठाला रोज चिलीम लागायची, त्या पालखीच्या भोयाला, कोळ्याला, हमालाला, गोसाव्याला विचारणारे प्रसंग फार थोडे. त्याच्या बायकोला तर विचारल्याचं जवळजवळ दिसतच नाही. आयोगाने गांजेकसांबद्दल विचारलं, गांजेकसांना विचारलं नाही.

गंमत अशी की बंदीच्या बाजूने जे दोन मतभेदाचे सूर उमटले ते दोन्ही हिंदी सभासदांचे होते: रॉय आणि निहालचंद यांचे. गोरे साहेब लोकांची रीत सांभाळा म्हणत होते आणि हे दोन देशी सभासद ती मोडा म्हणत होते. त्यामागचं कारण नुसतं सोवळेपण नव्हतं. अबकारी हा शब्दच तेव्हा सुधारकांना आणि राष्ट्रवाद्यांना बोचत होता. दारूच्या दुकानांना सरकारने मोकळं रान दिलं याविरुद्ध जोतीराव फुल्यांनी १८८० मध्ये पुणे नगरपालिकेत आवाज उठवला होता. १९०८ मध्ये टिळकांच्या पाठबळावर पुण्यात दारूच्या गुत्त्यांपुढे स्वयंसेवक उभे राहिले. परकं सरकार आपल्या माणसाला नशा विकतं आणि त्याच पैशावर राज्य करतं, हा संताप खरा होता. कर हा नशेला घातलेला लगाम असेल तर ठीक, पण सरकारच त्या पैशाला चटावलं तर लगाम कोणाच्या हातात? आयोगाकडे या प्रश्नाला उत्तर नव्हतं. स्वातंत्र्यानंतर आपण आपल्या राज्यघटनेत ४७ वं कलम घातलं, मादक पेयं आणि आरोग्याला घातक अमली पदार्थ यांच्यावर बंदी आणण्याचा राज्याने प्रयत्न करावा म्हणून. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने दारूबरोबर गांजा-भांगही त्याच बंदीखाली आणली. मोरारजी देसाईंच्या दारूबंदीने मुंबईला काय दिलं हे मुंबईकरांना वेगळं सांगायला नको. हातभट्टी आणि तिच्या जिवावर पोसलेल्या टोळ्या.

आयोगाची घडी मात्र देशात इतरत्र बराच काळ टिकली. नौगावच्या शेतकऱ्यांनी १९१७ मध्ये गांजा उत्पादकांची सहकारी संस्था काढली. यारकंदहून लेहमार्गे येणारी चरस पंजाबात कर भरून विकली जात होती. १९२५ च्या जिनिव्हा परिषदेत इजिप्तने हशीशवर जागतिक बंदीचा आग्रह धरला तेव्हा हिंदुस्थानच्या प्रतिनिधीने लोकांच्या चालीरीतींचा हवाला देऊन देशांतर्गत वापराला हात लावू दिला नाही. १९६१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात भारताने सवलत मागून घेतली: वैद्यकीय नसलेला वापर पंचवीस वर्षांत बंद करू. ती मुदत संपत आली आणि १९८५ मध्ये नार्कोटिक ड्रग्ज अँड सायकोट्रॉपिक सबस्टन्सेस कायदा आला. ऑगस्टमध्ये विधेयक मांडलं गेलं, सप्टेंबरमध्ये राष्ट्रपतींची सही झाली, १४ नोव्हेंबरला अंमल सुरू. १८९३ ला महिनोन्महिने चाललेली साक्षीपुराव्यांची भटकंती यावेळी झाली नाही. कायद्यात एक फट मात्र ठेवली गेली. तुऱ्यांवाचून नुसतं पान आणि बी असेल तर ते गांजा धरायचं नाही. त्या फटीतूनच आजही वाराणसीत परवान्याची भांगेची दुकानं चालतात. कँपबेलचं टिपण कोणी वाचून ही फट ठेवली असेल असं नाही, पण तो असता तर त्याला समाधान वाटलं असतं.

एक गोष्ट हल्ली फार वेळा ऐकू येते: १९८५ ला गांजा बंद झाला म्हणून लोक गर्दकडे वळले. मुंबईपुरतं बोलायचं तर तारखा याला साथ देत नाहीत. गर्द म्हणजे अफगाणिस्तान-पाकिस्तानची ब्राउन शुगर, ती ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीलाच मुंबईच्या फुटपाथांवर आली होती. अनिल अवचटांनी तिच्यावर लिहिलं, ‘गर्द’ हे त्यांचं पुस्तक त्या लेखनातूनच आलं. सुनंदा आणि अनिल अवचटांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांच्या पाठबळावर पुण्यात १९८६ मध्ये मुक्तांगण सुरू केलं, ते या गर्दच्या लाटेपायी. कायद्याने गर्द आणली नाही. पण गर्द आणि गांजा यांना एकाच पोत्यात कोंबून, चिमूटभर गांजा बाळगणाऱ्या पोरालाही त्याच वकील-पोलीस-न्यायालयाच्या चक्रात घालून, खऱ्या आजाराकडे पाहण्याची ताकद मात्र वाया घालवली. २००१ च्या दुरुस्तीने प्रमाणाप्रमाणे शिक्षा वेगळ्या केल्या. एक किलोपर्यंतचा गांजा ‘अल्प’, वीस किलोहून अधिक तो ‘व्यापारी’. तरी ओढण्यासाठीही सहा महिन्यांपर्यंतची कैद आहेच.

माझं मत मी लपवत नाही. गर्द, एमडी (मेफेड्रोन) यांसारख्या गोष्टी दुकानात मांडायला माझा सक्त विरोध आहे. त्यांच्या बाबतीत सरकारने कर नव्हे, उपचार करावेत. गांजाच्या बाबतीत मात्र १८९४ चं उत्तर बंदीपेक्षा बरं होतं असं मला वाटतं, एका अटीवर: त्या करातला पैसा अबकारीच्या सर्वसाधारण तिजोरीत न जाता, ठरवून, वेगळा काढून व्यसनमुक्तीवर खर्च व्हावा. नाहीतर आपण पुन्हा फुल्यांच्या आणि टिळकांच्या तक्रारीपाशीच येऊ. २ डिसेंबर २०२० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगात गांजाला सर्वांत कडक यादीतून काढण्याच्या ठरावाच्या बाजूने भारताने मत दिलं, तो ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी मंजूर झाला. म्हणजे जगापुढे आपण अर्धं पाऊल टाकलंच आहे. घरात मात्र कायदा तोच आहे.

हे सात खंड स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट वाचता येतात. आमदार, खासदार, पत्रकार, वकील यांनी ते निदान चाळावेत, आणि आजच्या सरकारने पुन्हा अशी चौकशी नेमलीच तर साक्षीदारांच्या यादीत पहिली नावं ओढणाऱ्यांची, त्यांच्या घरच्यांची आणि व्यसनमुक्ती केंद्रात रात्रपाळी करणाऱ्यांची घालावीत.